फाटकासमोरचा उतार

मंडळी, माझी ओळख करून देताना मला 'चालण्याचा अभ्यासक' म्हटलं गेलं. अभ्यासक कसला! गुडघा दुखायला लागल्यापासून खाली बघत चालतो, म्हणून चार गोष्टी जास्त दिसतात, इतकंच.

इथं इंदुरात माझ्या घरापासून डेअरीपर्यंत अकरा घरं. फुटपाथ आहे, कागदावर आहे तसा जमिनीवरही आहे. पण प्रत्येक फाटकासमोर गाडी आत घ्यायला उतार केलेला. कुणाचा सिमेंटचा, कुणाचा टाइल्सचा, एकाचा तर चकचकीत ग्रॅनाइटचा. पावसाळ्यात त्यावरून मांजरसुद्धा जपून जातं. माझी आई काठी टेकत निघते. पहिला उतार कसाबसा पार करते, दुसऱ्याशी थांबते आणि सरळ रस्त्यावर उतरते. परत वर काही येत नाही. "आई, फुटपाथवरून चल ना," म्हटलं की म्हणते, "अरे, तो फुटपाथ आहे की जेजुरीचा गड?"

आता कबुली देतो. त्या अकरांत आमचंही घर आहे. पहिली गाडी घेतली तेव्हा मिस्त्रीनं विचारलं, "बाऊजी, कित्ता बाहर निकालूँ?" मी ऐटीत म्हणालो, "नाली तक!" ठेलेवाल्यानं चार फूट जागा घेतली की ते अतिक्रमण आणि आपण घेतली की ती सोय. आपला तो बाब्या!

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचा निकष सांगतो की निवासी भागातही फुटपाथवर किमान १.८ मीटर जागा मोकळी हवी. म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील इतकी. कडेचा दगड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. गुडघेवाल्यांना हे मिलिमीटर बरोबर कळतात. आणि फाटकापाशी काय करायचं? फुटपाथ आहे त्या पातळीवर सलग जाऊ द्यायचा, फक्त रस्त्याकडच्या कडेला छोटा उतार द्यायचा. चढायचं गाडीनं. तिला इंजिन आहे, आईला नाही.

तीच गोष्ट कोपऱ्यांची. राजवाड्यामागच्या गल्लीत वळण इतकं काटकोनी की स्कूटरवाला आपोआप हळू होतो. नव्या कॉलन्यांत आपण कोपरे ऐसपैस गोल केले. गाडी वेग न मोडता वळते, आणि नेमकं तिथंच आपण रस्ता ओलांडत असतो. कोपरा आवळला की ओलांडायचं अंतरही कमी होतं. वेगाचं गणित तर शाळेतलंच आहे: ताशी ५० किलोमीटरनं बसलेल्या धडकेत ३०च्या धडकेपेक्षा जवळजवळ पावणेतीनपट ऊर्जा असते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती.

कुणी म्हणेल, रस्ते रुंद करा. १९१८ साली स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दिला. जुन्या गल्ल्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढायला त्यांचा विरोध होता. जिथं अडतं तिथं थोडं मोकळं करा, बाकीचं राखा, ही त्यांची रीत. त्यांनी काढलेल्या दिवाळीच्या मिरवणुकीची गोष्टही सांगतात: ज्या गल्लीतली घरं जास्त झाडून-पुसून, डागडुजी करून ठेवलेली, तिथून मिरवणूक जाणार. आपण स्वच्छतेत पहिले आलो म्हणून मिरवतो, पण त्या माणसाला लोकांची नस तेव्हाच कळली होती.

आपला सराफा बाजार बघा. दिवसा सोन्याची दुकानं, रात्री त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडूचा तळलेला कंद, जिलबी. मध्यरात्रीही बायका-मुलं निर्धास्त फिरतात, कारण दिवे आहेत, दुकानं उघडी आहेत, सगळ्यांचं सगळ्यांकडे लक्ष आहे. उलट आपल्या कॉलनीत नऊनंतर उंच भिंती आणि बंद फाटकं. एकटी मुलगी क्लासवरून येताना घाबरणारच. पूर्वी घराला ओटा असे आणि ओट्यावर कुणीतरी बसलेलं असे. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत गाड्या बाहेर ठेवल्या, तर लोक कसे रमतात! अर्थात तिथं चालायलाही आपण गाडी काढूनच जातो.

सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५मध्ये सांगितलं की चालण्याजोगा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच, कलम २१चा, भाग आहे. महापालिकेकडे तो मागायलाच हवा. पण अर्ज घेऊन जाणाऱ्याच्या स्वतःच्या फाटकासमोर नालीपर्यंत उतार असेल, तर त्यानं बोलावं कुठल्या तोंडानं?

म्हणून गेल्या महिन्यात मिस्त्रीला बोलावलं. "तोड़ना है?" त्यानं दोनदा विचारलं. शेजारच्यांना वाटलं, ड्रेनेज तुंबलं. आता आमच्या घरासमोर फुटपाथ सपाट आहे. आई तिथं वर चढते, बावीस फूट ताठ चालते आणि पुढच्या फाटकाशी पुन्हा रस्त्यावर उतरते.