साठ अंशांचा कोन आणि दोन उमेदवार

कागदावर एक रेघ मारली, तिच्या एका टोकावर कंपासचे टोक रोवून तिच्याच लांबीचा कंस काढला, दुसऱ्या टोकावरून तसाच दुसरा कंस काढला आणि ते जिथे छेदतात तो बिंदू पहिल्या टोकाला जोडला, की ६० अंशांचा कोन तयार होतो. हा कोन दुभागणे शाळकरी मुलांनाही जमते. त्याचे तीन समान भाग मात्र खुणा नसलेली पट्टी आणि कंपास एवढ्याच साधनांनी करता येत नाहीत, आणि ते का, हे समजण्यासाठी बीजगणितातल्या एका साध्या चाचणीकडे वळावे लागते.

ही चाचणी पूर्णांक सहगुणक असलेल्या बहुपदी समीकरणांच्या परिमेय मुळांची आहे. उदाहरणार्थ, हे समीकरण पाहा: २क्ष³ − ३क्ष² − ११क्ष + ६ = ०. याचे एखादे मूळ परिमेय असेल आणि ते अतिसंक्षिप्त रूपातल्या अपूर्णांकाने लिहिले असेल, तर त्याच्या अंशाने शेवटच्या ६ ला आणि छेदाने पहिल्या २ ला निःशेष भाग गेलाच पाहिजे. (मराठीत कोनाचे माप आणि अपूर्णांकातली वरची संख्या या दोहोंना ‘अंश’च म्हणतात, येथे दोन्ही येणार आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.) याचे कारण असे की, तो अपूर्णांक समीकरणात घालून सगळ्याला छेदाच्या घनाने गुणले, तर पहिल्या तिन्ही पदांत अंश हा अवयव म्हणून उरतो, चौथे पद ६ गुणिले छेदाचा घन असे होते, आणि चारही पदांची बेरीज शून्य असल्यामुळे चौथ्या पदालाही अंशाने भाग जावा लागतो. अंश आणि छेद सहमूळ असल्याने तो भाग ६ लाच जातो. छेदासाठी हाच युक्तिवाद दुसऱ्या टोकाकडून चालतो.

म्हणजे असंख्य परिमेय संख्यांमधून उमेदवार उरले बारा: १, २, ३, ६, १/२ आणि ३/२, धन व ऋण चिन्हांसह. संश्लेषक भागाकाराने ३ तपासला, तर खालच्या ओळीत २, ३, −२ आणि शेवटी ० येतो. उरलेल्या वर्गसमीकरणाची मुळे १/२ आणि −२ आहेत.

शेवटच्या पदाचे विभाजक क्रमाने तपासण्याची रीत फ्रेंच गणितज्ञ रने देकार्त याने १६३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भूमितीच्या ग्रंथात सांगितली आहे. वर्गात ती मुळे शोधण्यासाठी शिकवली जाते, पण माझ्या मते तिचे बळ नकारात अधिक आहे, कारण उमेदवारांची यादी संपली आणि एकही बसला नाही, तर परिमेय मूळ नाही हे निर्विवाद ठरते.

आता पुन्हा त्या कोनाकडे येऊ. त्याचा तिसरा भाग २० अंशांचा, आणि २० अंशांच्या कोज्येची (cosine) दुप्पट क्ष मानली, तर त्रिकोणमितीतल्या तिप्पट कोनाच्या सूत्रावरून क्ष³ − ३क्ष − १ = ० हे समीकरण मिळते. येथे पहिला सहगुणक १ आणि शेवटचे पद −१, म्हणून उमेदवार दोनच आहेत. क्ष = १ घेतल्यास डावी बाजू −३ होते, क्ष = −१ घेतल्यास १ होते. दोन्ही बाद.

पट्टी आणि कंपासने टाकलेले प्रत्येक पाऊल फार तर वर्गसमीकरण सोडवण्याइतके असते, आणि परिमेय सहगुणकांच्या ज्या घनसमीकरणाला परिमेय मूळ नाही, त्याच्या कोणत्याही मुळापर्यंत अशा पावलांनी पोचता येत नाही. फ्रान्समधल्या पिएर वाँत्सेल या तरुण गणितज्ञाने हे १८३७ मध्ये सिद्ध करून दाखवले, आणि घनाचे घनफळ दुप्पट करण्याचा प्राचीन ग्रीक प्रश्नही त्याच लेखात निकालात काढला. तेथे समीकरण क्ष³ − २ = ० असे आहे, आणि १, २, −१, −२ यांपैकी कोणीही ते सोडवत नाही.

९० अंशांच्या कोनाचे मात्र तीन भाग करता येतात. त्याच रीतीने त्याचे समीकरण क्ष³ − ३क्ष = ० असे होते; त्यातले ० हे परिमेय मूळ वेगळे काढले की क्ष² = ३ एवढेच उरते, आणि ३ चे वर्गमूळ कंपासच्या आवाक्यातले आहे.