टेसेलला जाताना आधी वारा बघा

नमस्कार मंडळी. शनिवार-रविवार जोडून मित्रांबरोबर नेदरलँड्समधल्या टेसेल बेटावर जायचं ठरलं की लगेच विचारलं जातं, 'तिथे बघायचं काय काय?' मी म्हणेन, आधी वारा कुठून वाहणार ते बघा, मग भरतीची वेळ बघा आणि त्यानंतर ठिकाणं ठरवा. बेट दक्षिणोत्तर सुमारे २५ किलोमीटर लांब आणि जवळजवळ सपाट आहे. देन बुर्ख या मुख्य गावाजवळची टेकडीही जेमतेम १५ मीटरची. म्हणजे वाऱ्याला अडवणारं फारसं काही नाही, आणि तुम्ही फिरणार सायकलवर.

पोचणं सोपं आहे. आम्स्टरडॅमहून देन हेल्डर या अलीकडच्या किनाऱ्यावरच्या बंदराला रेल्वेनं सव्वा तास लागतो. स्टेशनवरून २८ नंबरची बस बोटीच्या धक्क्यावर नेते. बोट देन हेल्डरहून साधारण दर तासाला, साडेच्या ठोक्याला सुटते आणि २० मिनिटांत पलीकडे जाते. तिकीट याच बाजूला काढायचं, ते परतीसकट असतं. मोटारीसाठी आरक्षण नसतं, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी रांग लागते. पायी आणि सायकलवाले सरळ चढतात. स्वतःची सायकल रेल्वेतून नेणार असाल, तर कामाच्या दिवशी संध्याकाळी चार ते साडेसहा ती गाडीत घेत नाहीत, हे शुक्रवारी निघताना ध्यानात ठेवा. सायकलीचं वेगळं तिकीट काढावं लागतं.

मोठा कंपू असेल तर बेटावर सायकली भाड्यानं घेणं बरं, पण आधी सांगून ठेवा. ताब्यात घेताना सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. गुडघा सरळ होईल इतकी सीट हवी. पुष्कळ डच सायकलींना पेडल मागे फिरवलं की ब्रेक लागतो. आपल्याकडे शिकलेल्यांना पेडल मागे फिरवायची सवय असते आणि तिथेच धडपड होते. धक्क्याबाहेरच दोन-चार चकरा मारून ते अंगवळणी पाडा.

आता मुख्य गोष्ट. इथे बहुतेक वेळा वारा नैर्ऋत्येकडून येतो. सकाळी सगळे उत्तरेच्या दीपगृहाकडे निघतात, वारा पाठीशी असतो, मजेत पोचतात. परतताना तोच वारा तोंडावर येतो, दुपारी त्याचा जोरही वाढलेला असतो, आणि ताशी पंधराचा वेग दहावर येतो. कंपू विखुरतो, कुणी चिडतं. ई-बाइकची बॅटरीही अशाच वेळी झपाट्यानं उतरते, म्हणून जाताना निम्मी शिल्लक ठेवा.

उपाय नकाशातच आहे. बेटाची पूर्व बाजू म्हणजे उघडा समुद्रबांध, तर पश्चिमेला वाळूच्या टेकड्या आणि देन बुर्ख ते दे कोख या गावाच्या दरम्यान पाइनचं जंगल. नैर्ऋत्येचा वारा असला की जाताना बांधावरून जा आणि येताना जंगलाच्या आडोशानं या. वारा उत्तरेचा असेल तर उलट करा. देन बुर्खला मुक्काम धरला तर ही फेरी सुमारे ४० किलोमीटरची होते. वाऱ्यात दोघा-दोघांनी शेजारी चालवण्यापेक्षा एकामागे एक राहा आणि पुढचा माणूस दर काही मिनिटांनी बदला.

या वाटेवर देन बुर्ख सोडताच त्या टेकडीवर जॉर्जियन सैनिकांचं दफनस्थान लागतं. जर्मन सैन्यात भरती केलेल्या या युद्धकैद्यांनी एप्रिल १९४५ मध्ये बंड केलं. नेदरलँड्समधल्या जर्मन फौजांनी ५ मे रोजी शरणागती पत्करली, तरी इथली लढाई २० मेपर्यंत चालूच होती. इथे जरूर थांबा. मग आउडेस्खिल्ड बंदर आणि त्याच्या उत्तरेला वाखेयोट हे बांधालगतचं पाणथळ. इथे पोचायची वेळ भरतीवरून ठरवा. ओहोटीला पक्षी दूर वाडन या पूर्वेकडच्या उथळ समुद्राच्या उघड्या पडलेल्या चिखलात चरत असतात, भरती आली की ते बांधाच्या आत येऊन विसावतात, अगदी जवळ. आउडेस्खिल्डचं भरतीचं वेळापत्रक मिळतं. वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

परतीच्या वाटेवर स्लुफ्टर आहे. टेकड्यांच्या रांगेला खिंड आहे आणि तिथून समुद्र आत येतो. जुलै-ऑगस्टमध्ये ही खारवट जमीन जांभळ्या फुलांनी भरते. मोठ्या भरतीला वायव्येचा वारा जोडीला आला तर पाणी टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत चढतं, त्यामुळे आत जाण्याआधी वेळ तपासा. विणीच्या काळात बंद केलेल्या भागात पाऊल टाकू नका. घरट्यातली अंडी वाळूच्याच रंगाची असतात.

समुद्रात उतरताना लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहा. वाळूच्या दांड्यांमधल्या खिंडीतून पाणी परत समुद्राकडे ओढ घेतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर निघा आणि मग वळा. नदीत किंवा विहिरीत तयार झालेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही ही ओढ ओळखता येत नाही, म्हणून आवर्जून सांगतो. किनाऱ्यावरच्या खांबांना क्रमांक आहेत. ११२ या आणीबाणीच्या नंबरला फोन करायची वेळ आलीच तर जवळच्या खांबाचा क्रमांक सांगा.

गवतातून फिरून आल्यावर गोचिडी तपासा: गुडघ्यामागे, काखेत, कमरेला. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल लावू नका. तारीख टिपून ठेवा, पुढच्या आठवड्यांत लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टरकडे जा.

रविवारी बोट बेटावरून तासाच्या ठोक्याला सुटते, शेवटची रात्री नऊला. पण सायकलचं दुकान त्याच्या कितीतरी आधी बंद होतं. म्हणून ते बंद व्हायची वेळ धरून उलटी गणती करा, आणि वारा तोंडावर असेल तर तासभर जास्त ठेवा.