ज्योतीच्या दंडावरचा हात

नमस्कार श्रोतेहो.

परवा आमच्या गावातल्या हौशी मंडळींनी विजय तेंडुलकरांचं ‘कन्यादान’ केलं. दोन दिवस झाले, पण ते नाटक काही मनातून जात नाही.

नाटक १९८३ सालचं. पुण्यातलं समाजवादी घर. वडील नाथ देवळालीकर आमदार, आई सेवा कार्यकर्ती. मुलगी ज्योती एका दलित कवीशी, अरुण आठवलेशी, लग्न ठरवून येते. आई आणि भाऊ धास्तावतात. नाथ मात्र हरखून जातात. आयुष्यभर भाषणांतून जे सांगितलं, ते आता घरात घडणार!

अरुण पहिल्यांदा घरी येतो तो प्रसंग आमच्या मुलांनी फार जीव ओतून केला. एवढ्या मोठ्या घरात कुठे बसावं हे त्याला कळत नाही. तो अंग चोरून उभा, आणि तोंडून शब्द मात्र धारदार. मग तो ज्योतीचा हात पिरगाळतो. ती कळ दाबून हसायला बघते. माझ्या शेजारी आई बसली होती. तिनं नकळत स्वतःचा दंड धरला.

मध्यंतरात वड्याच्या रांगेत मागून आवाज आला, “म्हणूनच जातीत द्यावी मुलगी.” मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची मला आज लाज वाटते. अरुण मारतो, ते वाईटच. पण तो मारतो म्हटल्याबरोबर आपण त्याच्या सगळ्या जातीला धरतो. आपल्यातला नवरा मारतो, तेव्हा म्हणतो, तो एकटा तसला. या नाटकातल्या अरुणच्या चित्रणावर दलित विचारवंतांनी टीका केली, ती रांगेतला तो आवाज ऐकल्यावर मला नीट उमजली.

आणि नाथांचाही मला फार राग आला. मुलगी मार खाऊन परत येते, मी आता जाणार नाही म्हणते, तेव्हा नाथांना वाटतं, हा प्रयोग फसता कामा नये. प्रयोग! अहो, पोटची पोर आहे ती!

माझ्या आत्येबहिणीनं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा पहिल्या दिवाळीला आमच्याकडून तिला फराळाचा डबा गेला नाही. कोणी नको म्हणालं नव्हतं, नुसता कोणी भरला नाही. तिचा नवरा भला निघाला, हे तिचं नशीब. वाईट निघाला असता, तर तिनं कुणाच्या दारात यायचं होतं? शेवटी ज्योती बापाला जाब विचारते आणि गरोदरपणी त्याच अरुणकडे निघून जाते, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो रिकामा डबा होता.

घरी परतताना आई रिक्षात एक शब्द बोलली नाही. दाराचं कुलूप काढता काढता म्हणाली, “तिला उद्या फोन लाव गं.”

काल लावला. दोघी अर्धा तास बोलत होत्या.