राणी मालवणीत बोलली ती रात्र

मंडळी, काका गेल्याची बातमी आली तेव्हा 'दशावतारात स्त्रीपार्टी करणारे ज्येष्ठ कलाकार', म्हणजे बाईच्या भूमिका करणारे, एवढंच छापून आलं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. काका रचनाकार होते. आज मला तेवढंच सांगायचं आहे.

दशावतार म्हणजे आपलं देवळासमोर रात्रभर चालणारं लोकनाट्य, आणि त्याला लिहिलेली संहिता नसते, हे इथल्या जाणत्यांना सांगायला नको; पण मुंबईहून आलेली पोरं बसली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. सुरुवातीच्या भागात, आडदशावतारात, संकासुर हसवून गेला की आख्यान, म्हणजे मुख्य कथा, सुरू होतं. राजा कोण, राणी कोण, कथा कुठून कुठे न्यायची, एवढं नाटकमंडळीचा मालक सांगतो. तेही पुष्कळदा तोंडाला रंग लावता लावता. मग पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत प्रत्येक वाक्य नटाने उभ्या जागी जुळवायचं. साथीला पायपेटी, पखवाज, झांज. सामान म्हणाल तर एक बाक. दरबार, अरण्य, स्मशान, सगळं त्या बाकाभोवती शब्दांनी उभं करायचं. 'आज काय बोलतलंय, तां माका तरी खंय म्हायत?' काका म्हणायचे, आणि हातातल्या आरशात बघून भुवई रेखायला लागायचे.

राजपार्टीचं, म्हणजे राजाची भूमिका करणाऱ्या नटांचं, नाव गावोगाव होतं. बाबी नालंग, सुधीर कलिंगण यांच्या नावावर जत्रेत माणूस थांबायचा, आणि थांबावंच. पण राजाला रडवणारी, त्याच्या तोंडून उत्तर काढून घेणारी राणी समोर असते, तिचं श्रेय आपण कमी देतो.

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, त्यानंतरच्या एका हंगामातली गोष्ट. आपल्याच देवळासमोर 'हरिश्चंद्र' लागला होता. रोहिदासाला सर्प डसलेला, तारामती त्याला घेऊन स्मशानात येते. तिचा विलाप ऐकायला लोक जागे राहिलेले. काकांचा विलाप म्हणजे पाऊण तास, ओवीसारखा चढत जाणारा. त्या वर्षी किनाऱ्यावरची एक होडी परत आली नव्हती, आणि होडीवरल्या पोराची आई बायकांत पुढेच बसली होती. काकांनी तिला बघितलं.

त्या रात्री विलाप झालाच नाही. काका खाली बसले. बाळाच्या कपाळावरचे केस मागे सारले, पदराने पाय झाकले. पखवाजवाल्याने हात आवरता घेतला. आणि तारामती म्हणाली, 'ऊठ रे बाबू, घराक चल. पेज निवता.'

राजाराणीने प्रमाण मराठीत, तेही भारदस्त बोलायचं, हा दशावताराचा नेम. मालवणी बोलायची ती संकासुराने. नेम मोडला म्हणून मालक नंतर रागावले, असं ऐकलं. त्या माउलीने मात्र तोंडाला पदर लावला आणि होडी गेल्यापासून पहिल्यांदा रडली. शेजारच्या बायकांनी तिला धरलं. काकांनी ते वाक्य पुन्हा कुठल्याच गावात घेतलं नाही. ते त्या बाईसाठी रचलेलं होतं.

ह्याला रचना नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

बाकीचं आयुष्य तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पावसात भात लावणी, श्रावणात गणपतीच्या शाळेत शाडूच्या मूर्ती, डोळ्यांची आखणी स्वतःच्या हाताने. त्रिपुरारी पौर्णिमेनंतर सोनुर्लीसारख्या जत्रा सुरू झाल्या की पेटाऱ्यामागून चालत गावोगाव. हंगामभर मिशी काढलेली असायची. वडील हयात असताना मिशी काढतो म्हणून घरात आणि बाजारात काय काय ऐकावं लागलं असेल, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मला ते फार मोठं वाटतं.

त्यांचं लिहिलेलं एक पानही नाही. म्हणून एक मागणं आहे. चाकरमानी टेपरेकॉर्डर घेऊन यायचे तेव्हा देवळाच्या खांबाला मशीन टेकवून आख्यानं टिपलेली आहेत. त्या कॅसेटी माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत पडल्या असतील. आपल्या दमट हवेत फितीला बुरशी धरते, तेव्हा पुढच्या पावसाची वाट बघू नका. स्वतः वाजवून बघायच्या भानगडीत न पडता जशा असतील तशा इथे आणून द्या. आणि त्यांच्याबरोबर वाजवलेले पखवाजवाले, पेटीवाले अजून आपल्यात आहेत. त्यांना काकांची पदं, सवालजवाब आठवतात. पोरांनो, मोबाईल तुमच्या खिशात आहे. त्यांच्या पडवीत जाऊन बसा आणि त्यांना बोलतं करा.