कोकणात निघताय? घाट उतरताना ब्रेक का जातात ते आधी बघा

नमस्कार मंडळी. सुट्टी लागली की निम्मं कोल्हापूर कोकणात उतरतं. कुणी कळे, साळवण करत गगनबावड्याहून करूळ घाटानं वैभववाडीला, कुणी मलकापूरवरून आंबा घाटानं, कुणी राधानगरीवरून फोंड्याला. गाडीत पाच माणसं, डिकी गच्च. चढताना गाडी दम खाते म्हणून आपण जपून चालवतो. उतरताना ती आपोआप पळते, आणि चूक तिथंच होते. म्हणून आज फक्त उताराबद्दल बोलू.

ब्रेक वेग कमी करतो म्हणजे त्या वेगाची उष्णता करतो. माणसांसकट १५०० किलोची गाडी ५०० मीटर खाली आली, तर तेवढ्या ऊर्जेत २० लिटरचा पाण्याचा जार उकळीला येईल. हे सगळं एकट्या ब्रेकवर टाकलं की पॅड तापून पकड सोडतात. पेडल घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही.

याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळणं. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ तेल नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर तीच मर्यादा १४० पर्यंत घसरू शकते. तेल उकळलं की पाइपात वाफ होते. पायाचा जोर ती वाफ दाबण्यातच जातो आणि पेडल थेट तळाला टेकतं. तेल बदलून दोन वर्षं झाली असतील तर निघण्याआधी बदला. नुसतं टॉप-अप करून भागत नाही, ओलसर तेल आतच राहतं. टाकीच्या झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच घ्या.

(गिअरचा क्लोज-अप)

आता गिअर. जो उतार ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. घाटात बहुतेक वेळा दुसरा, अगदी उभ्या वळणाला पहिला. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर टाका आणि क्लचवरून पाय काढा. इंजिन गाडीला मागं धरून ठेवतं. आवाज वाढेल, वाढू दे.

पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलवर उतरणारे बरेच आहेत. हा समज साफ चुकीचा आहे. ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये उतरत असेल तर आजची इंजिनं इंधन जवळपास बंदच करतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. इंजिन बंद करून उतरणं तर जिवाशी खेळ आहे: दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं.

ऑटोमॅटिक असेल तर नुसती 'डी'वर सोडू नका, 'एल', '२' किंवा मॅन्युअल मोड घ्या. इलेक्ट्रिकवाल्यांनी घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरू नये, भरलेल्या बॅटरीत रीजन, म्हणजे मोटरनंच गाडी मागं धरून बॅटरी भरणं, फारसं चालत नाही.

ब्रेकवर पाय टेकवून उतरू नका. वेग ४०वर गेला की ठामपणे दाबून २५-३०वर आणा आणि सोडा, म्हणजे मधल्या वेळात ब्रेकला वारा लागतो. वळणात शिरायच्या आधी ब्रेक मारा, वळणात नको. रस्ता अरुंद असेल तिथं चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. धुकं असेल तर लो बीम. आणि मागच्या सीटवरही बेल्ट.

जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं की रुंद जागा बघून थांबा. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. आणि निघताना तो दगड रस्त्यावरून उचला हो, मागून येणारा दुचाकीवाला अंधारात त्यावरच जातो.

पेडल तळाला गेलंच तर? पटापट पंप करा, कधी कधी थोडा दाब परत येतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेकचं बटण दाबून धरा आणि तो हळूहळू ओढा. एकदम ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. हॉर्न आणि लाइट चालू ठेवा. एवढं करूनही थांबेना, तर डोंगराच्या बाजूला घासत न्या. पत्रा जाईल, जाऊ दे. दरीकडच्या कठड्यावर विसंबू नका.

मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. घाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. म्हणून माथ्यावर चहाला थांबाल तेव्हा घाट चालू आहे का, दरड आली आहे का, हे टपरीवर विचारा आणि कुठल्या घाटानं, किती वाजता उतरताय ते घरी कळवा.