मानवाधिकारात पीजी करायचंय? मग उचल समजून घ्या

नमस्कार मंडळी. ‘मानवाधिकारात पीजी करू का, नोकरी लागते का?’ असं बरेच जण विचारतात. नोकरीकडे येतोच, आधी विषय बघू.

पुस्तक उघडलं की भेटतो संयुक्त राष्ट्रांचा १० डिसेंबर १९४८ चा मानवाधिकार जाहीरनामा, त्याची ३० कलमं. मग १९६६ चे दोन आंतरराष्ट्रीय मानवाधिकार करार, मग आपला १९९३ चा मानवाधिकार संरक्षण कायदा. एवढं पाठ करून पास होता येतं, आणि खूप जण होतातही! पण मराठवाड्यात राहून तेवढ्यावरच थांबायचं?

बीडचा ऊसतोड मजूर घ्या. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, ती टनाच्या हिशेबानं ऊस तोडून फेडायची. नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर. खाडा पडला की दंड. गावात कुणाला यात वावगं वाटत नाही. ‘उचल घेतली ना, मग फेड की!’

आता संविधानाचं कलम २३ काढा, वेठबिगारीला बंदी. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा काढा, त्यात आगाऊ रकमेचा उल्लेख आहेच. आणि १९८२ चा एशियाड मजुरांचा, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचा, निकाल आवर्जून वाचा. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असं सुप्रीम कोर्टानं सांगितलं. माणसाला भूकही सक्ती करते, म्हणून. मग प्रत्येक उचल वेठबिगारी का? नाही. पण ती कुठं वेठबिगारी होते, हे पुराव्यानिशी मांडणं हेच तर पीजीचं काम. शिवाय कोयत्याचा हिशेब जोडीचा, मग त्यात बाईची मजुरी किती? बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. तोही याच विषयात येतो.

हां, नोकरी. ‘मानवाधिकार’ नावानं जाहिराती रोज निघत नाहीत, उगाच आशा लावत नाही. नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला, ‘मानवाधिकार आणि कर्तव्ये’ हा स्वतंत्र विषय आहे, त्यातून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) किंवा प्राध्यापकी. बाकी सामाजिक संस्था, पत्रकारिता. एलएलबी झालं असेल तर माझ्या मते एमएपेक्षा एलएलएम बरं, कोर्टाचं दार उघडं राहतं. आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलं तरी चालतं, पण घटनेला वर्ष उलटलं की तक्रार घेत नाहीत. वर आयोग शिफारस करतो, हुकूम नाही. एवढं नीट सांगू शकणारं माणूस तालुक्याच्या गावात सहज सापडत नाही.

प्रवेशाआधी एक करा. विभागात जाऊन जुने लघुशोधप्रबंध बघायला मागा. सगळेच नुसते ग्रंथालयात बसून लिहिलेले दिसले, तर फिल्डवर्क करू देतील का, ते तिथंच विचारून घ्या. ऊसतोडीवर काम करणार असाल तर गाइडकडून विषय पावसाळ्यातच पक्का करून घ्या. दसरा-दिवाळीनंतर गावात जाल तर घरी म्हातारी माणसं भेटतील, बाकी सगळे फडावर.