धूर, मिस आणि तांब्याचा वॉशर

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे देवास नाक्यावरून गेलात, तर उभ्या ट्रकांच्या रांगेत एखादं तरी म्हातारं इंजिन पांढरा धूर सोडत धडधडत असतं. त्याला लगेच नावं ठेवू नका. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. हवा दाबून दाबून तापते, आणि त्या तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं. आपल्या माळव्याच्या थंडीत ब्लॉक गार पडलेला असला की पहिले फवारे अर्धवट जळतात. पाच-सात मिनिटांत धूर गेला तर विषय संपला. इंजिन तापल्यावरही राहिला आणि डोळे चुरचुरले, तर टायमिंग मागे पडलंय, म्हणजे डिझेल उशिरा फवारलं जातंय, किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे हवेवरचा दाब, गेलंय. डोळ्यांना त्रास नाही, पण रेडिएटरमध्ये रोज पाणी टाकावं लागतंय? मग हेड गॅस्केटकडे, म्हणजे ब्लॉक आणि हेडच्या मधल्या पॅकिंगकडे वळा.

काळ्या धुराचं गणित सोपं, आणि पैसे उगाच जातात तेही त्याच्यावरच. डिझेल जास्त, हवा कमी, एवढंच. भरलेली जुनी गाडी मानपूरचा घाट चढताना थोडी काळी पडणारच. रिकामी गाडी सपाटीवर काळा धूर ओकत असेल तर आधी एअर क्लीनर उघडा, मग नोझल, म्हणजे डिझेलचा फवारा मारणाऱ्या तोट्या, टपकतायत का बघा. नोझलना दाबाने डिझेल पुरवणारा पंप सगळ्यात शेवटी. काही जण मात्र पीयूसीपुरता पंपाचा स्क्रू फिरवून डिझेलच कमी करून घेतात. जुन्या गाड्यांना धुराची मर्यादा 65 हार्ट्रिज आहे; हार्ट्रिज म्हणजे धुराचा काळेपणा मोजायचं माप. कागद मिळतो, आणि पुढच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरच्या वर यायला तयार नसते.

निळा धूर म्हणजे मोबिल, इंजिन ऑइल, जळतंय. रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह गाइड... मालकाचा चेहरा उतरतो. पण थांबा. जुन्या ट्रकांत एअर क्लीनरखाली तेलाची बशी असते. कुणी हौसेने खुणेच्या वर तेल भरलं, की इंजिन तेच ओढून पितं. हेड खोलण्याआधी ती बशी काढून बघायला पाच मिनिटं लागतात.

आता माझ्या आवडीचा विषय, मिस मारणारी गाडी, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही आणि इंजिन अडखळतं ती.

मी नवशिका होतो तेव्हाची गोष्ट. सहा सिलिंडरची जुनी टाटा आली. स्लोवर, म्हणजे रेस न देता, उभी केली की सगळी केबिन थरथरायची, आरसे नाचायचे. मी रीतीने गेलो: इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट जरासा सैल करायचा. चांगला सिलिंडर असेल तर आवाज लगेच पडतो. काहीच फरक पडला नाही, तर चोर तोच. (नटावर फडकं टाका, बोट पुढे नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत सुईसारखं घुसतं आणि मग थेट दवाखाना.) पण इथे चोर सापडेना. सकाळी तिसरा, दुपारी पाचवा. मी वैतागून पंप उतरवला आणि पंपवाल्याकडे दिला. त्याने घसघशीत बिल लावलं. पंप परत चढवला, आरसे नाचतच होते.

मला काम शिकवणारे उस्ताद तोवर काही बोलले नव्हते. त्यांनी टाकीकडून येणारा पाइप सोडवला, डिझेलचा कॅन केबिनवर ठेवला आणि नळीने तिथूनच डिझेल दिलं. पाइपात अडकलेली हवा काढली, इंजिन चालू केलं. दोनदा अडखळलं आणि मग असं शांत झालं, की शेजारच्या चहावाल्याने मान वर केली.

म्हणजे दुखणं टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये. फीड पंप म्हणजे टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप. मी तिथे बघितलंच नव्हतं, कारण कुठे ओल नव्हती. हीच तर गंमत आहे: फीड पंपाच्या पुढे डिझेल ढकललं जातं, तिथे फट पडली की थेंब गळतो. मागे ते ओढलं जातं, तिथल्या फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. उस्तादांनी जोडावरचा तांब्याचा वॉशर काढून उन्हात धरला. काढून-घालून चपटा झालेला, आणि कडेला केसाएवढा चरा. नवा घातला, फिल्टरचा ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा बाहेर काढायचा स्क्रू, सैल केला आणि मला हातपंप मारायला लावला. आधी पांढरट फेस, मग बुडबुडे, मग सलग पिवळी धार. तेव्हाच स्क्रू आवळायचा, आधी नाही.

एक राहिलंच. टाकी भरलेली असताना ठीक चालणारी गाडी डिझेल अर्ध्यावर आल्यावर मिस मारत असेल, तर बाहेरचे वॉशर बदलत बसू नका. टाकीच्या आत जो उभा पाइप असतो, तो बाहेर काढा आणि अर्ध्या उंचीवर चीर पडलीय का ते बोट फिरवून बघा.